अर्धी यादी

परळच्या एका गिरणीच्या कचेरीत मी कार्डं पंच करायला होते. दर कामगाराचं एक जाड कार्ड, त्याची माहिती त्यात भोकांच्या रूपात. गठ्ठा यंत्रात घातला की पलीकडून छापील यादी बाहेर पडे. आमचे हेडक्लार्क मोजकं बोलत, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली होती. "यंत्र मध्येच थांबलं तर छापलेलं आधी फाडायचं. मग बिघाड शोधायचा आणि पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरू करायचं."

मला ती कागदाची नासाडी वाटे.

त्या दिवशी बदली कामगारांपैकी कायम होणाऱ्यांची यादी काढायची होती. बाहेर सकाळपासून संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या. माझा थोरला भाऊ गिरगावातून मोर्चाला निघाला होता आणि भोईवाड्याकडे अश्रुधूर सोडल्याची बातमी कुणीतरी आणली. मी सारखी खिडकीशी जात होते. तेवढ्यात यंत्र खडखडून थांबलं. एक कार्ड आत चुरगळलं होतं. निम्मी यादी छापून झाली होती. ती पानं मी फाडली नाहीत. पुढची त्यांना जोडू म्हणून टेबलावर ठेवली, कार्ड नव्याने पंच केलं आणि यंत्र सुरू करायच्या आधी भावाची काही खबर मिळते का ते विचारायला खाली गेले.

परत आले तर टेबल रिकामं. यादी तयार झाली असं समजून शिपाई पानं गिरणीच्या लालबागकडच्या फाटकावर लावायला घेऊन गेले होते.

मी तशीच जाऊन हेडक्लार्कना सांगितलं. ते ओरडले नाहीत. "मी कार्डं पहिल्यापासून लावतो," म्हणाले. "तुम्ही जा आणि ती काढून आणा."

ट्राम बंद होत्या. मी चालत, मध्येच पळत निघाले. डोळे चुरचुरत होते, ते धुराने की भीतीने, कळत नव्हतं. फाटकावर ही गर्दी! यादी बिल्ल्याच्या नंबराप्रमाणे होती, त्यामुळे मोठ्या नंबरांचा एकही माणूस तिच्यात नव्हता. मी वाट काढत पुढे गेले आणि पानं ओढून काढली. एक पोक्तसे विणकर माझ्यासमोर आले.

"बाय, माजा नाव खंय गेला?"

"काका, यादी अर्धीच आहे. चूक माझी झाली. पूर्ण यादी आज लागेल."

"म्हंजे तेच्यात माजा नाव असतला?"

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. मला ठाऊक नव्हतं. तरी मी म्हणाले, "असेल ना."

संध्याकाळी पूर्ण यादी निघाली, पण फाटकावर लागायला सकाळ उजाडणार होती. काकांच्या बिल्ल्यावर पाहिलेला नंबर मी तीनदा शोधला. नव्हता. भाऊ लाल डोळ्यांनी का होईना, सुखरूप घरी आला होता, तरी त्या रात्री तो नंबर माझ्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी वगळलेल्या कार्डांचा गठ्ठा हाताने चाळला. वेडी आशा होती की इथेही चूक सापडेल. त्यांचं कार्ड मिळालं. भोकं बरोबर होती. हजेरी थोडी कमी पडली होती. खाडे सगळे हरताळाच्या दिवसांतले.

सुटल्यावर मी फाटकाशी उभी राहिले. ते बाहेर आले तेव्हा यादी त्यांनी वाचलेली होती.

"काका, मी उगीच 'असेल' म्हटलं. मला माहीत नव्हतं."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "रात्री घरात कायम झालंय म्हणान सांगून बसलंय," म्हणाले. मग, "तू सांगूक इलंस, ता बरा केलंस."

त्यांच्या हजेरीबद्दल मी हेडक्लार्कना अर्ज लिहून दिला. त्यांनी तो वर पाठवला. उत्तर आलं नाही. मी रोज टपालाचा ट्रे बघत होते.