सरांच्या नावावर राहिलेली ओळ

हा लेख पंधरा दिवस उशिरा येतो आहे. गौरव समितीने तीनदा आठवण केली. तिन्ही वेळा मी खरे कारण सांगितले आणि तिन्ही वेळा ते त्यांना खोटे वाटले. कारण असे की, ज्या यंत्रणेत मी रोज लिहितो तिच्यातले 'जतन करा' हे बटण गेल्या महिन्यात डावीकडून उजवीकडे गेले. नोटीस नाही, हरकती मागवल्या नाहीत. बुलढाण्यात एखादा बसथांबा दहा पावले सरकवायचा तर चार निवेदने आणि एक उपोषण लागते; इथे माझी इतक्या वर्षांची सवय एका सकाळी सरकली आणि कुणी साधी विचारपूस केली नाही. जिथे 'जतन करा' होते तिथे आता 'टाकून द्या' आहे. या लेखाचे पहिले दोन खर्डे मी स्वतःच्या बोटाने, पूर्ण आत्मविश्वासाने टाकून दिले आहेत.

ज्यांच्या साठीनिमित्त हा अंक निघतो आहे, त्या श्री. प्रल्हादराव वानखडे सरांना मी त्याच आठवड्यात फोन करून हे गाऱ्हाणे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "कितवा दिवस हाये?"

"दुसरा, सर."

"मंग दे शिव्या. उद्यापावतर मुभा हाये."

या मुभेचा खुलासा पुढे येईल. आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा विनोद करत तिच्या बाजूने निघून जाईन. मला या लेखात सरांचा गौरव करायचा आहे आणि एक ओळ परत न्यायची आहे. ती माझी आहे आणि चौदा वर्षे त्यांच्या नावावर पडून आहे.

मी सरांना पहिल्यांदा पाहिले ते टेबलाखाली. बुलढाण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नवी पदवी आणि नवे बूट घेऊन रुजू झालो होतो. एका टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते, शेजारी वायरींचे भेंडोळे. मी म्हटले, "ओ मामा, वानखडे सर कुठं बसतात?" आतून आवाज आला, "बसतात वर. सध्या खाली हायेत." पुढे वर्षभर त्यांनी मला दर कामाला "हे मामाले विचारून घे" असे सांगितले. राग मात्र एकदाही धरला नाही.

सर पिंपळगाव राजाचे. घरी शेती, आणि शेतीतून आलेल्या माणसाची एक खोड त्यांच्यात पक्की आहे: नव्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, पण जुने बियाणे फेकायचे नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत होती तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. त्यानंतर काय काय आले याची यादी करण्यात अर्थ नाही, कारण यादी संपेपर्यंत तिच्यातले निम्मे बंद पडेल. आमच्या क्षेत्रात माणूस एखादी गोष्ट शिकून मान वर करतो तो ती जुनी झालेली असते. डॉक्टरला रोज सकाळी उठून कळावे की काळीज आता उजवीकडे आहे, तसे आमचे जगणे. पाठ टेकली तरी मन टेकत नाही. फोन वाजला नाही तर काय राहिले याची धास्ती, वाजला तर काय बदलले याची.

या धावपळीवर सरांनी दोन उपाय काढले होते. पहिला, शिव्यांचे तीन दिवस. कंपनीत काहीही नवीन आले की पहिले तीन दिवस त्याला मनसोक्त नावे ठेवायची. सर स्वतः सुरुवात करून देत. चौथ्या दिवशी तोंड बंद आणि वही-पेन घेऊन शिकायला बसायचे. शिकवायला मात्र नेहमी सर्वांत नवीन माणूस. संग्रामपूरची श्रद्धा आमच्याकडे लागून सहा महिने झाले होते, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले सर तिच्यासमोर पहिल्या खुर्चीत बसले. दुसऱ्याच दिवशी ती अवघडून म्हणाली, "सर, तुम्ही मले मॅडम काऊन म्हनता? मले कसंतरी होते."

"शिकवते कोन?"

"मी."

"मंग मॅडमच. पाच वाजले की पुन्हा श्रद्धा. अन् पाच वाजाले अजून वेळ हाये, पुढचं सांगा."

दुसरा उपाय म्हणजे वही. साधी, लांबोडकी, पुठ्ठ्याची; एक भरली की दुसरी. यंत्रणा बदलताना ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती स्वतःच्या अक्षरात, शाईने, पूर्ण नाव घालून एका ओळीत लिहायची. कारणे लिहायची नाहीत. एकदा लिहिले की त्या चुकीबद्दल कुणी ब्र काढायचा नाही, मालकांनीसुद्धा नाही. नवीन माणूस आला की सर त्याला आधी वही वाचायला देत. "पुस्तकात काय कराचं ते हाये," म्हणत, "यात आपन काय केलं ते हाये."

आता ती ओळ.

चौदा वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची सारी माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या ऑनलाइन यंत्रणेत न्यायची होती. आमच्याकडचे ते त्या प्रकारचे पहिलेच काम, आणि ते नीट झाले की त्यासाठी नवा विभाग निघणार होता. विभागप्रमुख सर होणार, हे शिपायापासून मालकांपर्यंत सगळे धरून चालले होते. सरांचा नियम होता की नवीन चालू करण्याआधी जुन्याची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून डोळ्यांनी पाहायची. ते काम माझ्याकडे होते. मला त्या दिवसांत नव्याचे असे वेड लागले होते की जुने उघडून पाहणे म्हणजे लग्नाच्या मांडवात कुंडली पुन्हा तपासण्यासारखे वाटे. मी न पाहताच "पाहिली" म्हणून सांगितले आणि जुने मशीन पुसून टाकले.

प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात भरलेले परीक्षेचे सगळे अर्ज गेले आणि अर्जांची मुदत दोन दिवसांवर आली होती. प्राचार्य ज्या भाषेत बोलले ती त्यांच्या विषयात शिकवत नसावेत. सर एवढेच म्हणाले, "चूक माझी हाये. कागदावरचे अर्ज काढा." दोन दिवस ते आणि मी कॉलेजच्या कार्यालयात बसून एकेक अर्ज पुन्हा भरत होतो. ते वाचत होते, मी टाइप करत होतो. सगळे अर्ज वेळेत गेले. त्या दोन दिवसांत त्यांनी मला नावांच्या शुद्धलेखनाखेरीज काही विचारले नाही.

बुलढाण्याला परतून वही उघडली तर सरांनी कॉलेजला निघण्याआधीच ओळ लिहून ठेवली होती: "जुनी प्रत उघडून न पाहता यंत्रणा बदलली. प्रल्हाद गोविंदराव वानखडे." मालकांनी नियम पाळला, ब्र काढला नाही. फक्त नव्या विभागाचा प्रमुख मला केले.

मी सरांकडे गेलो. काय बोलायचे ते जिन्यात पाठ केले होते, वर पोचेपर्यंत विसरलो. तेच म्हणाले, "तुले नव्याची हौस हाये. आत्ता ती मोडली तं इथं नवीन कोन शिकन बे? मी जुनं सांभाळतो."

"पण सर, ती ओळ माझी आहे."

"हाव, तुहीच हाये. माह्या नावावर ठेवली. तुले वाटन तवा घेऊन जाय."

मला ते चौदा वर्षे वाटले नाही. खरे तर रोज वाटे आणि रोज काहीतरी नवीन शिकायचे असे. या धंद्यात सवड न मिळण्याची सोय फार मोठी आहे.

गेल्या वर्षी कंपनीत एआय आले. मला ज्याला आठवडा लागे ते त्याने चहा गार व्हायच्या आत लिहून दिले, वर नम्रपणे विचारले की आणखी काही मदत हवी का. मी राजीनामा लिहिला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"कितवा दिवस?"

"दुसरा."

"मंग उद्याचा दिवस वाया काऊन घालवतं? शिव्या संपल्या का तुह्या?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्या यंत्राला ज्या शिव्या दिल्या त्या या अंकात छापण्यासारख्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेलो. पहिल्या खुर्चीत सर बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी रुमाल टाकून अडवून ठेवली होती.

सर या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताला अजून कंप नाही, भूक तरुणाला लाजवणारी आहे, आणि पिंपळगावच्या शेतात ठिबकाला कसलेसे स्वयंचलित यंत्र बसवून ते सध्या त्याला शिव्या देत आहेत. त्यांना शंभरी लाभो, शंभरीतही काहीतरी नवीन लाभो आणि ते शिकवायला एखादी मॅडम लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.

आणखी एक. कंपनीने सगळ्या वह्या संगणकात घ्यायचे ठरवले आहे. हे काम ज्या विभागाकडे आहे त्याची श्रद्धा आता प्रमुख आहे. तिने सांगितले की एकदा पाने आत गेली की ती फक्त वाचता येतील, त्यांत काही लिहिता येणार नाही. वह्या सोमवारी जाणार आहेत.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी कपाट उघडले. वही सापडली, पान सापडले. सरांच्या ओळीवर काट मारली नाही, तेवढा अधिकार मला नाही. तिच्याखाली शाईने लिहिले: "वरील चूक माझी." खाली पूर्ण नाव घातले, शाई वाळेपर्यंत उभा राहिलो आणि वही जागच्या जागी ठेवली. 'जतन करा' कुठे आहे ते शोधावे लागले नाही.