निर्मलाबाईंच्या मयतीची तालीम

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात निर्मलाबाईंइतकी स्वतःच्या मरणाची काळजी कुणी केली नसेल. कारण त्यांचा एकुलता एक भूपेंद्र. पुण्यात मोबाइलच्या दुकानात नोकरी. मामाच्या मयतीला आला आणि दारात उभा राहून निघणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणाला, "पुन्हा या हं!" मयतीच्या घरून निघताना माणूस 'येतो'सुद्धा म्हणत नाही, मुकाट उठून चालू लागतो. आणि हा गाढव आमंत्रण देतोय! मामी रडायची थांबली.

निर्मलाबाईंनी धसकाच घेतला. उद्या हा आपल्याही मयतीचं हसं करणार! दोन हजार सातच्या दिवाळीला पोरगा घरी येताच त्यांनी अंगणात शाळा भरवली. तिरडी हिरव्या बांबूची. वाटेत ती टेकवून खांदेकरी जागा बदलतात, तो विसावा. मग राख सावडणं, मग तेराव्या दिवसाची तेरवी. सारं घोकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता करून दाखव."

जित्या माणसाला तिरडी कशी बांधणार? म्हणून खाट आणली. बाई वर निजल्या, आम्ही चौघा शेजाऱ्यांनी खांदा दिला. मेलेलं माणूस जड होतं म्हणतात. जितं त्याहून जड असतं आणि वर बोलतंही. भूपेंद्र पुढे. त्याच्या हातात विस्तवाच्या मडक्याऐवजी चिवड्याचा डबा. नियम एकच, मुलानं मागे वळून पाहायचं नाही.

चार पावलांत पठ्ठ्यानं मागे पाहिलं.

"काऊन पाहून राहिला रे मांगं?" बाई खाटेवरून गरजल्या.

"तू पडशीन म्हून."

"अरे, मेलेली बाई पडन तं कोणाचं काय जाते? नापास! तू पास होयेपर्यंत मी काही मरत नाही."

पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही. माझे खांदे भरून आले. शेवटी मी त्याला बाजूला ओढून झापलं, "अबे, पुण्यात अक्कल गहाण टाकली काय? समोर पाहून चालता येत नाही तुले?"

तो हळूच म्हणाला, "काका, समदं येते मले. पण मी पास झालो तं माय म्हणन, चला, आता मी मोकळी."

मी चिवड्याचा डबा पुन्हा त्याच्या हातात दिला.

"काय कुजबुजून राहिले रे?" खाटेवरून निर्मलाबाई ओरडल्या. "उचला मले!"