टाकीवरचा पांढरा
गॅरेजवरून जाताना थिनरचा वास आला की मला मांजरसुंब्याचा तो रंगारी आठवतो, कारण त्याच्या रंगांना वासच नव्हता. "पाण्यात कालवायचे हायत, फवारा लई बारीक बसतो," तो म्हणाला होता. आमचा म्हातारा बैल गेला, म्हणून वडिलांना मोटारसायकलच्या टाकीवर त्याचं तोंड काढून हवं होतं. रंगाऱ्याने पत्र्यावर पांढऱ्याचे चार ठिपके मारले आणि विचारलं, "यातला कोणता?" पांढरा तो पांढरा, त्यात चार कसले, म्हणून मी चिडलो. मोबाईलमधल्या फोटोत बैल निळसर दिसत होता. फोनवर आई म्हणाली, दुधासारखा होता. वडील म्हणाले, "न्हाई, राखंसारखा व्हता." रोज पाणी पाजलेल्या बैलाचा रंग मला सांगता येईना. शेवटी मी अंदाजाने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. चित्र पुरं होताच वडिलांनी सवयीने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि ओल्या रंगात चार बोटं उमटली. "पाण्याचा हाय, पुसून परत मारतो," रंगारी म्हणाला. वडील तळहाताकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ द्या, आता बरोबर दिसायलाय." रंगाऱ्याने तसाच वरून चकाकीचा थर मारला. ती बोटं अजून टाकीवर आहेत. पेट्रोल भरताना मी रोखून बघतो, पण वडिलांना त्यात काय बरोबर दिसलं, ते मला आजही दिसत नाही.