पाटावरचा वासला

आठवडी बाजारात भाजीच्या रांगा संपल्या, चपलांचे ढीग मागे पडले, की अगदी टोकाला, बहुधा नालीच्या काठावर, एक माणूस पोतं पसरून बसलेला असतो. पोत्यावर गंजलेलं लोखंड. बिनदांड्याचे हातोडे, दात पडलेल्या करवती, कोणाच्या तरी घरातून निघालेले पाने आणि पकडी. माझा बाजार तिथे सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. कोथिंबीर आणायला सांगितलेली असते आणि मी कानस घेऊन घरी येतो. बायको म्हणते, "शिळ्या कढीले ऊत आनता तुमी."

एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर हातांना काम हवं होतं. जुनं हत्यार आणायचं, रॉकेलमध्ये भिजत घालायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, दगडावर धार लावायची आणि शेवटी दांड्याला जवसाचं तेल पाजायचं. एवढंच. माझा एकच हट्ट असतो, दांडा बदलायचा नाही. मोबाईलवर हल्ली हीच कामं करणारे पुष्कळ दिसतात. जुना दांडा आधी चुलीत घालतात आणि नवा बसवून वरून वार्निश फासतात. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. लोखंड लोहार देतो, पण दांडा ज्याचा त्याने आपल्या मुठीच्या मापाने घडवलेला असतो. तोच फेकला तर त्या माणसाचं राहिलं काय? दांड्याला चीर गेली असेल तर मी तार आवळतो, भोक सैल झालं असेल तर पाचर ठोकतो. दांडा तोच राहतो.

हा सगळा हौसेचा मामला होता. दादाला लकवा झाला आणि हौस संपली.

दादा माझा थोरला भाऊ. वडिलांची सुतारकी त्याने चालवली, मी नोकरीच्या मागे गेलो. आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात अजूनही त्याने बसवलेल्या चौकटी उभ्या आहेत. लकव्याने त्याचा उजवा हात गेला. वाचा अडखळली, पण शब्द येत होते. तो रोज ओसरीवर बसून समोरच्या हत्यारांच्या पेटीकडे पाहत राहायचा. वहिनीला ते बघवेना. नजरेआड झालं की जीव तरी शांत होईल, असं तिला वाटलं. दारावर भंगारवाला आला तेव्हा दादा आत झोपला होता. तिने पेटीतली सगळी हत्यारं त्याला देऊन टाकली.

दादा उठून बाहेर आला. रिकामी पेटी त्याने पाहिली. तेव्हापासून तो कोणाशीच बोलेना. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. मी गेलो तेव्हा वहिनी चुलीपुढे बसून रडत होती. "भाऊजी, म्या त्याइच्या भल्यासाठीच केलं हो," ती म्हणाली. मला तिचा राग आला होता, पण तिच्याकडे पाहून तो गिळावा लागला.

पोळा होऊन गेला होता. पुढे नवरात्र, आणि नवरात्रात खंडेनवमी. सुताराच्या घरी तो दिवस देवापेक्षा हत्यारांचा. धुऊन-पुसून हत्यारं पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, पुरणाचा नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला कोणी हात लावत नाही. दसऱ्याला सोनं वाटून झालं की घरातल्या कर्त्याने आधी वासला उचलायचा आणि लाकडावर पहिला घाव घालायचा. लाकूड तासायचं हे एका हाती धरायचं हत्यार, आमच्या घरात सगळ्या हत्यारांचा म्होरक्या. वडील गेल्यापासून तो पहिला घाव दादाचा होता. यंदा त्याच्यापुढे रिकामा पाट येणार होता. बाकीची हत्यारं गेली तर गेली, वासला तरी खंडेनवमीच्या आत घरी आणायचा, असं मी मनाशी ठरवलं.

भंगारवाल्याला गाठलं तर त्याने माल केव्हाच पुढे दिला होता. मग मी बाजार धरले. नांदुऱ्याचा पाहिला, आमच्या गावचा पाहिला. कोणी सांगितलं म्हणून खाली बीबी गावापर्यंत गेलो. तिथली बोली जालन्याकडे झुकलेली, पण गंज तोच. हात हलवत परत आलो. शेवटी सोनाळ्याच्या बाजारात एका चाचाच्या पोत्यावर मला वासला दिसला. मानेवर छिन्नीने मारलेल्या दोन रेघा होत्या. आमच्या गावचा लोहार, आता हयात नाही, आपल्या प्रत्येक वासल्यावर अशाच दोन रेघा मारायचा. दादाच्या वासल्यावरही होत्या. मी तो चटकन उचलून छातीशी धरला.

"काऊन हो काका, सोनं सापडलं का?" चाचाने विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

त्या वासल्याला मी जेवढा जीव लावला तेवढा कशालाच लावला नसेल. दांड्यावर अंगठ्याच्या जागी खोलगट झीज होती. वर्षानुवर्षं एकाच माणसाने धरल्याशिवाय लाकूड असं झिजत नाही. दादाचा अंगठा, दुसरं काय, असं म्हणत मी त्या खळगीत तेल जिरवत बसायचो. धारेचा एक कोपरा जास्त झिजला होता. तोही तसाच ठेवला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी तो दादाच्या मांडीवर ठेवला. वहिनी दाराशी उभी होती. दादाने डाव्या हाताने दांडा चाचपला, पातं उजेडात धरलं, रेघांवरून बोट फिरवलं. किती दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द आला.

"माहा नाही हा."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मी भांडायलाच उठलो. म्हणालो, "दादा, रेघा पाह्य ना. आपल्याच लोहाराच्या आहेत."

"लोहार त आपलाच," दादा सावकाश म्हणाला. "त्यानं साऱ्या मुलुखाले वासले देल्ले." मग त्याने डाव्या मुठीत दांडा धरला. अंगठा अलगद त्या खळगीत जाऊन बसला. "पाह्य. डावखुऱ्याचा हाय हा."

इतके दिवस तो दांडा माझ्या हातात होता आणि उजव्या मुठीत अंगठा खळगीवर येतच नाही, हे मला कळलं नव्हतं. मला तो दादाचाच हवा होता. दादाचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता, आणि डाव्या हातात परक्या माणसाचा वासला जन्मभराचा असल्यासारखा बसला होता. वहिनी हुंदका आवरत म्हणाली, "देवानंच धाडला." मलाही तसंच वाटलं, मी खोटं बोलणार नाही.

दादा मात्र खुश दिसेना. वासल्याकडे पाहून तो म्हणाला, "त्याच्या घरी उद्या पाटावर काय ठेवतीन?"



दुसऱ्या दिवशी पाटावर एकच वासला मांडला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दादाने तो डाव्या हाताने उचलला आणि बाभळीच्या ओंडक्यावर घाव घातला. घाव ओबडधोबड पडला. छोटी ढलपी उडाली. वहिनीने ती उचलून देवापाशी ठेवली.

मग दादाने वासला माझ्यापुढे धरला. "बाजारात जाशीन तवा घेऊन जात जाय," तो म्हणाला. "सुतारांइले दाखवजो. ज्याचा असंल त्याले देऊन टाक."

"आन् तू?"

"मले तोवर पुरते."

आता बाकीचे दिवस वासला दादाकडे असतो. तो खुंट्या तासतो, वाकड्यातिकड्या, आणि मी त्यांना नावं ठेवतो तेव्हा मला शिव्या देतो. बाजाराच्या दिवशी मी वासला पिशवीत घालून नेतो, दांडा बाहेर दिसेल असा. भेटेल त्या म्हाताऱ्या सुताराला दाखवतो, कोणी डावखुरा ओळखीचा होता का विचारतो. दादाचा शब्द आहे, त्यात मी कसर ठेवत नाही. पण समोरचा माणूस वासला हातात घेऊन उलटापालटा करू लागला की माझा हात तो परत घ्यायला पुढे होतो, आणि त्याने मान हलवली की मी लाज सोडून देवाचे आभार मानतो. संध्याकाळी त्याच्या घरी जातो तेव्हा दादा ओसरीवर बसलेला असतो. आधी पिशवीकडे बघतो, दांडा दिसला की डावा हात पुढे करतो.