कौशीच्या घराचा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे बसले तरी तेवढं एक सोडून बाकी सगळं बोलले. आज तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही.

आमच्याकडे एक शब्द आहे — डाग. लुगड्यावरचा नव्हे, घराण्यावरचा. बदनामी निराळी. बदनामीला काहीतरी घडावं लागतं. चार वर्षं लोक चघळतात, दुसऱ्या कुणाचं निघालं की पहिल्याचं विसरतात. डागाला काही घडावं लागत नाही, आणि तो जातही नाही. आईचा लेकीला लागतो. आणि कसला डाग, हे कुणी विचारत नाही — विचारणं बरं दिसत नाही ना! सोयरीक जुळत असताना कुणी हळूच ‘डाग हाय’ म्हणालं, की पाहुणे उठलेच.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. जळकोटजवळच्या आमच्या गावात कौशी आणि मी शेजारणी. ती उजळ, हसरी. मी — आता लपवून काय करू? — मला दोन ठिकाणांहून नकार आला होता. कौशीला अहमदपूरकडचं स्थळ सांगून आलं. मुलगा शिकलेला, मळा बारमाही. ती रोज माझ्याजवळ त्याचंच बोलायची. मला जळवायला नव्हे, सुखात माणूस बोलतो तसं. पण मी जळत होते.

मुलगी पाहायला येण्याआधी मुलाकडची एखादी बाई गुपचूप येऊन घराची चौकशी करून जाते, ही आमच्याकडची रीत. मुलाची आत्या तशी आडावर आली. पाणी मागितलं. मी कळशीतून तिच्या ओंजळीत ओतलं. पिता पिता तिनं कौशीच्या घराकडे मान केली नि विचारलं, घर कसं हाय पोरी?

घर चांगलं होतं. तेवढंच म्हणायचं होतं — जड होतं का ते?

“लोकं म्हणत्यात डाग हाय,” मी म्हणाले. “मला काय ठाव न्हाई.”

ओंजळीतलं उरलेलं पाणी तिनं सांडलं आणि गेली.

स्थळ मोडलं. मला तेवढंच हवं होतं. पण शब्द आडावर थोडाच थांबतो? त्याच्या पोटात काही नव्हतं, ते गावानं भरलं. कुणी म्हणालं, कौशीच्या आईला जमादारानं ठाण्यात बसवून घेतलं होतं, लग्नाआधी. त्या राज्यात ठाण्यात काय झालं हे विचारायला कोण जाणार? पुढं पुढं तर बायका मलाच येऊन सांगायच्या, त्यांच्या घराला डाग हाय म्हणून. मी नुसतं ‘हाव का’ म्हणायचे.

कौशीला भोकरकडच्या एका बिजवराच्या गळ्यात बांधली. त्याची पोरं तिच्याच वयाची. धाकट्या बहिणीला तर कुणी विचारलंच नाही.

पुष्कळ वर्षांनी कौशी माझ्याकडे आली. तिची आई नुकतीच वारली होती. लग्नानंतर ती आईशी कधी धड बोललीच नव्हती. प्राण जाताना आई म्हणाली, पोरी, माझ्या हातून काही झालं नाही गं. आणि कौशीनं तोंड फिरवलं.

“माय खोटं बोलली आसंल का गं?” तिनं मला विचारलं. “तू शेजारची. तुला तरी ठाव आसंल.”

मला ठाऊक होतं. साऱ्या जगात एकट्या मलाच ठाऊक होतं.

“न्हाई गं,” मी म्हणाले. “मला कसं ठाव आसंल?”

ती माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

नंतर कौशीही गेली. आईला दोषी धरूनच गेली.