साडूचं विमान

फोरमनच्या पोटात दुखायचं ते साडूपायी. दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, पण साडू वैमानिक आणि हा त्याच विमानतळावर धावपट्टीला चिकटलेलं टायरचं रबर खरवडून घेणारा. सासूबाई धाकट्या जावयाला कौतुकाने कॅप्टन म्हणत. थोरल्याला म्हणत, अहो, जरा पंखा बघता का?

त्या दुपारी वादळी पावसात साडूचंच विमान उतरलं, थांबता थांबेना, आणि धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. माणसं सुखरूप आहेत एवढं कळल्यावर फोरमनच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोला?

मग घरात पंचायत बसली. मेहुण्याने साचलेल्या पाण्यावर बोट ठेवलं, सासऱ्यांनी ब्रेकवर. विमान टेकलंच फार पुढे, असंही कुणी हळूच म्हणालं. सासूबाईंनी मात्र निकाल दिला, की रबर नीट काढलं नसेल, म्हणूनच विमान घसरलं. फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. चौकशीत तसं ठरलं तर त्याची नोकरी जाणार होती.

एक गोष्ट मात्र त्याने एकट्याने पाहिली होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी धावपट्टीच्या कडेची कापडी नळी ऐनवेळी गर्रकन उलटी फिरली होती. समोरचा वारा विमानाला मागून ढकलू लागला होता. हे सांगितलं तर साडूचा दोष हलका होणार, म्हणून फोरमन मूग गिळून बसला.

चौकशीच्या खोलीत साडू आधी बोलला.

“रबराला दोष देऊ नका. मीच उशिरा टेकवलं. तेव्हाच पुन्हा वर न्यायला हवं होतं, नाही नेलं.”

फोरमनची नोकरी वाचली. बाहेरच्या बाकावर जो तो साडूच्या खरेपणाचे गोडवे गाऊ लागला. फोनवर बायकोनेही त्याचंच कौतुक लावलं. फोरमनला वाटलं, आता हद्द झाली. हा चुकतो तेसुद्धा ऐटीत! वर आपली भाकरी आता याच्याच उपकाराची. ते काही त्याला गिळवेना. तो तरातरा आत गेला आणि साडूच्या देखतच चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाला,

“साहेब, सगळी चूक त्यांची नाही. ऐनवेळी वारा फिरला. मी पाहिलंय.”

साडूचे डोळे भरले. त्याने फोरमनचे दोन्ही हात धरले.

“दादा, तुमच्याएवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.”

जन्मभर ज्या कौतुकासाठी फोरमन जळला, ते अखेर मिळालं. पण ते द्यायलाही साडूच लागला.