पाण्यात ठेवलेले गाळणकागद

आमचे सर वापरलेला गाळणकागद कधी फेकत नसत. प्रयोगशाळेत याहून टाकाऊ वस्तू नसेल. पण सर तो चिमट्याने अलगद उचलत आणि खिडकीजवळच्या रुंद तोंडाच्या बरणीत पाण्याखाली सोडत. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात पोरं त्यांना ‘गाळणकागद सर’च म्हणत. एकदा कोणीतरी फळ्यावर तसं लिहून ठेवलं. सर वाचून म्हणाले, “नुसता कागद नाही. त्याच्यावर पॅलॅडियम आहे.” आणि शिकवायला लागले.

पॅलॅडियम म्हणजे परदेशातून मागवावा लागणारा महागडा धातू. कोळशाच्या भुकटीवर बसवलेला तो चिमूटभर टाकला की एरवी दुसऱ्या पदार्थाशी न जुळणारा हायड्रोजन मुकाट्याने जुळतो, आणि धातू होता तसा मागे उरतो. “तो संपत नाही,” सर म्हणायचे, “आपण फेकतो म्हणून संपतो.” फक्त तो कागद वाळता कामा नये, वाळला की आपोआप पेट घेतो. हे मला सांगितलेलं होतं. तरी संशोधनाच्या पहिल्याच महिन्यात मी एक कागद केराच्या टोपलीत टाकून डबा खायला गेले. परत आले तो खोलीभर धूर आणि शिपाई मल्लप्पा टोपलीवर वाळू ओततोय. सर रागावले नाहीत. राखेतलं पॅलॅडियम वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मला ती सगळी वाळू चाळायला लावली. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

मल्लप्पा रोज होटगीहून गाडीने यायचा. घरी कानडी, आमच्याशी मराठी. दुष्काळाच्या वर्षी कॉलेजचे नळ कोरडे पडले, तेव्हा तो कुठूनतरी घागर भरून आणायचा आणि पिण्याच्या माठाआधी बरणीत पाणी घालायचा. मी एकदा चिडले. “असूं द्या की बाई,” तो म्हणाला, “आपन घोटभर कमी प्यालो तर मरत न्हाय. ही पेटली तर सरांचं समदं जातंय.”

सरांच्या वहीत उजव्या पानावर प्रयोग असत आणि डाव्या पानावर चिकटवलेली कात्रणं: शस्त्रकपातीच्या वाटाघाटी, कोणत्या देशाने कोणत्या करारावर सही केली, कोणी टाळली. रसायनाच्या माणसाला हा कसला नाद, असं आम्ही मागे बोलायचो. सर भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता सांगायचे, “विषारी वायू सेनापतीने नाही शोधला. आमच्यासारख्याच कोणीतरी, अशाच टेबलावर शोधला. मग त्याचं पुढं काय होतं, हे आम्ही वाचायला नको?”

राजस्थानच्या वाळवंटात आपली अणुचाचणी झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचं बाटलीतलं पॅलॅडियम संपत आलं होतं. नवं मागवलं, तर परदेशी कंपनीकडून पार्सलाऐवजी एक फॉर्म आला. हा धातू आणि त्यातून निघालेलं संशोधन कधीही, कोणाकडूनही लष्करी कामासाठी वापरलं जाणार नाही, अशी हमी सरांनी द्यायची होती. स्टाफरूममध्ये सगळे खवळले. आम्हाला विचारणारे हे कोण? सर एकटेच म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे. कोणीतरी विचारायलाच हवा होता.”

मला वाटलं, झालं, सही होणार. पण सरांनी आठवडाभर तो फॉर्म पुढ्यात ठेवला आणि शेवटी लिहिलं: ‘माझ्या प्रयोगशाळेत असं काही होणार नाही. पण निबंध छापला की तो सर्वांचा होतो. त्यापुढचं मला माहीत नाही, म्हणून हमी देता येत नाही.’

माझा तोल गेला. बार्शीहून वडिलांनी मला आणखी एकच वर्ष दिलं होतं. प्रबंध झाला नाही तर परत जायचं ठरलेलं. “सर, सगळे न वाचता सह्या करतात!” मी जवळजवळ ओरडले.

“म्हणूनच तर करार कागदावर राहतात,” सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, “तुमचं नुकसान होतंय, ते मला दिसतंय.”

पार्सल आलं नाही. मी आठ दिवस सरांशी बोलले नाही. नवव्या दिवशी गेले तर टेबलावर बरणी उघडी, आणि सर अन् मल्लप्पा अकरा वर्षांचे कागद थोडे थोडे करून जाळत होते. मीही हातभार लावला. ती राख सोनंही विरघळवणाऱ्या अम्लराजात विरघळवून, पुन्हा पुन्हा गाळून, महिन्याभराने एका छोट्या बाटलीत तळाशी काळी पूड जमली. एका माणसाच्या कामापुरती. सरांची स्वतःची शेवटची प्रयोगमाला अर्धी होती. त्यासाठी ते किती वर्षं झुरत होते, हे मला माहीत होतं. त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली आणि आपली वही मिटली. “कागद तेवढे जपा,” इतकंच म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माझा प्रबंध झाला. सरांचा त्या प्रयोगमालेवरचा निबंध कधीच झाला नाही. सर निवृत्त झाले, पुढे वारले. मी पुण्यात नोकरीत होते. कळलं ते चार दिवसांनी, पोस्टकार्डाने.

बऱ्याच वर्षांनी परीक्षक म्हणून सोलापूरला गेले. खिडकीजवळ तीच बरणी होती, माझ्या वेळचे कागद तळाशी, वर काठोकाठ पाणी. मल्लप्पा पार पिकला होता. “वाळू द्यायचं न्हाय म्हनले हुते सर,” तो म्हणाला. “मी ह्या महिन्यात नोकरीतनं सुटनार. मग पानी कोन घालनार, बाई?” विभागप्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, “न्या हो, अडगळच आहे ती.” पुण्यापर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसले. वाटेत मल्लप्पाचा एकच प्रश्न डोक्यात होता: “सरांचं काम तुमी चालवताय न्हवं?” मी त्याला हो म्हणून आले होते, आणि ते खोटं होतं. तसले फॉर्म माझ्याकडे दर वर्षी यायचे आणि मी न वाचता सही करायचे.

परवा पुन्हा एक आला. या वेळी पूर्ण वाचला. आणि सहीच्या जागेच्या वर सरांची ती वाक्यं, आठवली तशी, लिहून पाठवून दिली. माल बहुधा येणार नाही. मग उठून बरणीत पाणी घातलं.